राजाचं मस्तक आणि पिंपाची झाकणं

हंफ्री ट्यूक न्हाव्याकडे सांगायला एकच गोष्ट होती आणि ती तो अकरा वर्षं सांगत आला होता. गिऱ्हाइकाची मान वस्तऱ्याखाली असल्यामुळे ऐकून घेण्यावाचून त्याला गत्यंतर नसे.

"थंडी म्हणजे काय थंडी! नदीत बर्फाचे तुकडे वाहत होते. मंच काळ्या कापडानं मढवलेला, वर दोघं बुरखेवाले. राजानं मान ठेवली. कुऱ्हाड वर गेली आणि खाली आली. एकानं मुंडकं उचलून धरलं. आणि मग काय शांतता, क्राउच! टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. आणि मग हजारो तोंडांतून एकदम एकच कण्हणं निघालं. तसा आवाज..."

"...तू जन्मात ऐकला नव्हतास आणि पुन्हा ऐकायची इच्छा नाही," साबणाच्या फेसातून क्राउचनं वाक्य पुरं केलं. "अरे ट्यूक, त्या बिचाऱ्याचं मुंडकं एकदाच उडालं. तू रोज सकाळी उडवतोस."

"तुला काय कळणार! तू त्या दिवशी संधिवातानं पाय धरून घरात कण्हत होतास."

"होय, आणि ते कण्हणं ऐकायला कुणी आलं नाही."

सिल्व्हेस्टर क्राउच दस्तऐवज लिहून देणारा कारकून होता. अक्षर ओळखण्यात अख्ख्या लंडनमध्ये त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. खोटी मृत्युपत्रं, बनावट सह्या, पळून गेलेले नवरे, असलं काही निघालं की लोक त्याच्याकडे धाव घ्यायचे. ट्यूक सोबतीला जायचा, कारण त्याला घरी बसवत नसे आणि क्राउचला एकट्यानं बोलायला आवडत नसे. डोक्याच्या बाबतीत मात्र ट्यूकचा आनंदच होता. हे तो स्वतःच सांगायचा. "माझा जन्म चोवीस मार्चचा, जुन्या सालाचा शेवटचा दिवस. आई म्हणायची, एक दिवस थांबला असतास तर नव्या सालाचा झाला असतास. तेव्हापासून मला सगळं थोडं उशिराच कळतं."

तो हे सांगत असतानाच दार उघडलं आणि एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी आत आली. ऑगस्टचा उकाडा होता, रस्त्यावर कुत्री जीभ काढून पडली होती आणि या पोरीनं हनुवटीपर्यंत जाड कॉलर बांधली होती.

"क्राउचसाहेब ते तुम्हीच ना? मी डॅमरिस वेनलॉक. माझ्या बाबांना फाशी देणार आहेत हो!"

क्राउचनं तोंड पुसलं. अर्धी दाढी तशीच राहिली.

"बस पोरी. आधी श्वास घे, मग सांग."

तिचे बाबा टोबायस वेनलॉक नदीकाठी पिंपं बनवायचे. तरुणपणी ते राजाविरुद्ध पार्लमेंटच्या फौजेत लढले होते. आता काळ फिरला होता. मेलेल्या राजाचा मुलगा मेमध्ये गादीवर आला होता आणि बापाला मारणारे एकेक शोधून काढत होता. बाकीच्यांची नावं साऱ्यांना ठाऊक होती. ठाऊक नव्हते ते फक्त ते दोघं बुरखेवाले. तीन दिवसांपूर्वी कुणीतरी निनावी चिठ्ठी धाडली, शिपाई आले, बाबांची हत्यारांची पेटी उपसली आणि तळाशी एक कागद सापडला. बाबा त्या दोघांतले एक होते, असं त्या कागदावरून ठरत होतं. उद्या सकाळी दंडाधिकारी सर जाइल्स एमरी यांच्यासमोर चौकशी होती. तिथून पुढे गेलं की नुसतं फाशीवर भागत नसे, देहाचे चार तुकडे करत.

"आणि बाबा काय म्हणतात?"

"म्हणतात, तो मी नव्हे. पण त्या दिवशी कुठे होतात विचारलं की तोंडाला कुलूप!"

क्राउच उठला. "ट्यूक, टोपी घे."

"अरे, अर्धी दाढी!"

"उरलेली न्याय मिळाल्यावर."

दंडाधिकाऱ्यांचा कारकून ओळखीचा निघाला. त्यानं कागद पाच मिनिटं बघू दिला. ट्यूकनं खांद्यावरून वाकून वाचलं: 'टोबायस वेनलॉक यास. येत्या मंगळवारी मंचावर बुरखा घालून हजर राहावे. मस्तक उचलून लोकांस दाखवावे व रीतीप्रमाणे शब्द उच्चारावेत. कॅप्टन लास्कम. तारीख २७ जानेवारी १६४९.'

"कॅप्टन लास्कम कोण?" ट्यूकनं विचारलं.

"माझ्या बाबांचे वरिष्ठ," डॅमरिस म्हणाली. "नऊ वर्षांपूर्वी वारले."

"सोयीचा माणूस," क्राउच पुटपुटला. "मेलेला माणूस सही नाकारायला येत नाही." मग त्यानं कागद उजेडात धरला आणि चक्क हसला. "ट्यूक, हे लिहिणाऱ्यानं एका कागदात दोन घोडचुका केल्यात. वाच नीट."

ट्यूकनं तीनदा वाचलं. शुद्धलेखन त्याच्यापेक्षा बरं होतं. त्यापलीकडे त्याला काही दिसलं नाही.

तुरुंगात वेनलॉक भिंतीला टेकून बसला होता. पन्नाशीचा दणकट गडी, हात घमेल्याएवढे. मुलीला बघून तो उठला आणि लगेच मान फिरवली.

"कशाला आलीस इथे? घाण आहे इथे."

"मी सिल्व्हेस्टर क्राउच," क्राउच म्हणाला. "त्या मंगळवारी तुम्ही कुठे होतात, एवढंच सांगा. बाकी मी बघतो."

वेनलॉकनं मुलीला दाराबाहेर थांबायला लावलं. ती गेल्यावर तो हळू आवाजात बोलला. "सांगितलं तर मी सुटेन साहेब. हसतहसत सोडतील, वर पाठ थोपटतील. पण मी सुटेन आणि पोर अडकेल. जन्मभर. तेव्हा ते विचारू नका."

"तिला ठाऊक आहे?"

"तिच्या आईला ठाऊक होतं. म्हणजे, तिला जे सांगितलं ते." त्यानं बंद दाराकडे पाहिलं. "आई गेली. आता विषय संपला."

बाहेर आल्यावर ट्यूक उसळला. "अडेलतट्टू आहे लेकाचा! जीव जातोय आणि हा मूग गिळून बसलाय."

"काही माणसांना जिवापेक्षा महाग वस्तू असते," क्राउच म्हणाला. "चल, आता पेटीपर्यंत कुणाकुणाचा हात पोचत होता ते बघू."

तिघांचाच पोचत होता, असं डॅमरिसनं सांगितलं. शेजारची विधवा जोन, माडीवर राहणारे मास्तर एझ्रा पिल्बीम, आणि वर्कशॉपमधला भागीदार रॉबर्ट हॅस्केट.

जोनबाई अंगणात मटार सोलत होती. तिचा नवरा राजाच्या बाजूनं लढताना मेला होता आणि ते ती विसरली नव्हती.

"वेनलॉकला फाशी झाली तर मी रडणार नाही," ती तोंडावर म्हणाली. "पण कागद मी कुठला ठेवणार? मला माझं नावसुद्धा लिहिता येत नाही. सही म्हणून फुली मारते."

"त्या मंगळवारी तुम्ही कुठे होतात?"

"घरात, खिडक्या लावून. ते कण्हणं इथवर ऐकू आलं हो! आणि शेजारी या पोरीची आई ऊर बडवत होती. पोर पाच वर्षांची, मानेला या एवढाल्या गंडमाळा, पू वाहतोय. राजाचा रोग तो. राजानं हात लावला तरच बरा होतो, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि यांच्याच पार्टीनं राजाला मारायला काढलेला! आली होती माझ्याकडे, लग्नातला रुमाल द्या म्हणाली, तिचा फाटला होता. दिला मी. तो काही परत आला नाही."

"आणि मुलगी?"

"उन्हाळ्यापर्यंत बरी झाली. वण राहिलेत, म्हणून ती कॉलर." जोनबाईनं मटाराची शेंग फोडली. "तुम्ही त्या हॅस्केटला विचारा. ईस्टरला त्यानं पोरीला मागणी घातली होती. वेनलॉक म्हणाला, 'आधी हात बसू दे, मग हात माग.' अख्खी गल्ली हसली."

पिल्बीम मास्तर म्हातारे आणि भित्रे होते. तिसऱ्या प्रश्नाला त्यांना घाम फुटला. "मी एका छपरावर होतो, खरं आहे. पण कुऱ्हाड वर गेली आणि मला घेरी आली. पुढचं काही बघितलं नाही, ऐकलं नाही. मी पोरांना बेरीज आणि बाराखडी शिकवतो हो, असले कागद माझ्यानं कुठले लिहवणार!"

"बेरीज आणि महिनेही शिकवत असाल?"

"तर काय! महिने, वार, सणवार."

"छान," म्हणून क्राउच जिना उतरला.

वर्कशॉपमध्ये हॅस्केट जेवत बसला होता. तिशीचा, देखणा, बोलका. डॅमरिसनं मधाचं भांडं पुढे केलं. त्यानं हसून ते बाजूला सारलं आणि ओटच्या लापशीत चिमूटभर मीठ टाकलं. ट्यूकनं तोंड वाकडं केलं.

"लापशीत मध म्हणजे पोरासोरांचं खाणं," हॅस्केट म्हणाला. "बसा, बसा. मालकांसाठी काय वाटेल ते करीन मी. दोन वर्षं झाली इथे, पण बापासारखे आहेत ते मला."

"त्यापूर्वी कुठे होतात?"

"लंडनमध्येच. जन्म इथला, वाढलो इथे. या शहराच्या घंटा ऐकू येतात त्याच्या बाहेर कधी पाऊल टाकलं नाही."

"मग त्या दिवशी मंचापाशी असालच."

हॅस्केटनं मान खाली घातली. "होतो. नसतो तर बरं झालं असतं. त्या बुरखेवाल्यानं मस्तक उचललं आणि ओरडला, 'पाहा, देशद्रोह्याचं मस्तक!' आजही कानात घुमतात ते शब्द. देव करो आणि तो आवाज मालकांचा नसो."

डॅमरिसच्या डोळ्यांत पाणी आलं. क्राउच मात्र भिंतीशी रचलेली रिकामी पिंपं बघत होता. प्रत्येक झाकणावर डाग देऊन महिना, साल आणि बनवणाऱ्याचं अक्षर कोरलं होतं.

"ही वेनलॉकची जुनी दिसतात," ट्यूकनं शहाणपणा दाखवला. "फेब्रुवारी १६५९. आणि ही हॅस्केटची नवी, फेब्रुवारी १६६०."

"नाही हो ट्यूककाका," डॅमरिस म्हणाली. "दोन्ही एकाच थंडीतली. एकाच ओकची."

"मग पोरी, तुझा हिशेब चुकतोय."

"उद्या कळेल कुणाचा चुकतोय ते," क्राउच म्हणाला. "ट्यूक, या दोन्हींतलं एकेक झाकण काढ आणि उद्या सकाळी सर जाइल्सकडे घेऊन ये."

"मी? डोक्यावर घेऊन?"

"डोक्याचा तेवढा तरी उपयोग होऊ दे."

सर जाइल्स एमरी लढाई हरल्यावर राजपुत्राबरोबर फ्रान्सला पळाले होते आणि या वर्षीच परतले होते. माणूस कडक, पण सरळ होता. समोर वेनलॉक बेड्या घालून उभा, बाजूला डॅमरिस, जोनबाई, मास्तर, हॅस्केट. सगळ्यात शेवटी ट्यूक घामानं निथळत आला आणि दोन झाकणं धाडकन जमिनीवर आपटली.

"हा काय तमाशा आहे?"

"पुरावा आहे साहेब," क्राउच म्हणाला. अर्धी दाढी तशीच होती, पण त्याचा थाट असा होता, की तीच रीत वाटावी. "आधी हॅस्केट, तुम्ही काल मला सांगितलंत ते साहेबांना सांगा. मस्तक उचलल्यावर तो बुरखेवाला काय ओरडला?"

हॅस्केटनं घसा साफ केला. "'पाहा, देशद्रोह्याचं मस्तक!'"

"ते तर ओरडलाच असणार," सर जाइल्स म्हणाले. "रीतच आहे ती. मस्तक दाखवणारा दर वेळी ओरडतो."

"बरोबर. दर वेळी. ट्यूक, तुझी ती गोष्ट सांग."

ट्यूक बावचळला. अकरा वर्षांत त्याला ही गोष्ट कुणी आपणहून सांगायला लावली नव्हती. तो सावरून उभा राहिला. "थंडी म्हणजे काय थंडी, साहेब! नदीत..."

"मुंडक्यापासून सांग."

"एकानं मुंडकं उचलून धरलं. आणि मग शांतता. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. मग ते कण्हणं..."

"थांब. बुरखेवाला काय म्हणाला?"

"काही नाही."

"नक्की?"

"अरे, काही नाही म्हणजे काही नाही! चकार शब्द..." ट्यूकचं तोंड उघडंच राहिलं. "अरे देवा! तो बोललाच नाही!"

दाराशी उभा असलेला म्हातारा शिपाई पुढे आला. "खरं आहे साहेब. माझा पहारा होता तिथे. आम्हाला तेव्हाच नवल वाटलं होतं, हा मुका आहे की काय."

"मुका नव्हता, शहाणा होता," क्राउच म्हणाला. "चेहरा बुरख्यानं झाकता येतो, आवाज झाकता येत नाही. एक शब्द बोलला असता तर गर्दीतल्या कुणीतरी ओळखला असता. म्हणून त्या एकाच दिवशी रीत मोडली. जो तिथे होता त्याला ती शांतता जन्मभर विसरता आली नाही. आमचा ट्यूक बघा, गिऱ्हाइकांनासुद्धा विसरू देत नाही. आणि जो तिथे नव्हता, तो रीतीवरून अंदाज बांधतो. साहेब, तुम्ही फ्रान्समध्ये होतात, तुम्हीही तोच बांधलात."

सर जाइल्सनी भुवई उंचावली, पण रागावले नाहीत. "म्हणजे हॅस्केट तिथे नव्हता. बढाया मारणारे पुष्कळ असतात. एवढ्यानं तो गुन्हेगार होत नाही."

"नाही होत. आता कागद बघा. त्यातही 'रीतीप्रमाणे शब्द उच्चारावेत' असा तोच चुकीचा अंदाज आहे. आणि तारीख आहे, २७ जानेवारी १६४९. साहेब, राजाचा वध कुठल्या साली झाला?"

"१६४८ साली, जानेवारीत. हे काय..." सर जाइल्स थांबले. त्यांनी कागद ओढून घेतला.

"आपल्याकडे साल पालटतं पंचवीस मार्चला," क्राउच म्हणाला. "जानेवारी, फेब्रुवारी हे जुन्याच सालाचं शेपूट. आमचा ट्यूक चोवीस मार्चला जन्मला आणि जुन्या सालात अडकला, हे त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांना पाठ आहे. कॅप्टन लास्कम इंग्रज होता. त्या मंगळवारी अख्ख्या इंग्लंडात एकाही माणसाच्या लेखी १६४९ उजाडलं नव्हतं. मग हा कागद कुणी लिहिला? जोनबाईंना लिहिता येत नाही. मास्तर पोरांना महिने शिकवतात, ते झोपेतही ही चूक करणार नाहीत. आता झाकणं बघा. एकाच ओकची, एकाच थंडीत बनवलेली दोन पिंपं. वेनलॉकनं कोरलंय फेब्रुवारी १६५९, सगळ्या इंग्रजांसारखं. हॅस्केटनं कोरलंय १६६०. आपला फेब्रुवारी १६६० तर अजून यायचाय."

"स्कॉटलंड," सर जाइल्स सावकाश म्हणाले. "तिथे साल एक जानेवारीला बदलतं. साठ वर्षं झाली."

"आणि तिथे लापशीत मीठ घालतात. या गृहस्थांनी लंडनबाहेर कधी पाऊल टाकलं नाही म्हणे. मग साल आणि मीठ हे कुठल्या गावाचं उचललं?"

हॅस्केटचा देखणा चेहरा पार उतरला होता. "लीथ," तो म्हणाला. "काकानं लहानपणी नेलं. पंधरा वर्षं होतो." मग एकाएकी वेनलॉककडे वळून ओरडला, "सगळ्या गल्लीत हसं केलंत माझं! हात बसू दे म्हणे! तुम्ही गेलात की वर्कशॉपही मिळालं असतं आणि..."

"आणि मी?" डॅमरिस म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता. "बाबांचे चार तुकडे करून माझ्याशी लग्न करणार होतास?"

शिपायानं हॅस्केटच्या दंडाला धरलं.

सर जाइल्सनी कागद टराटरा फाडला. "बेड्या काढा. पण वेनलॉक, एक सांग. तू होतास तरी कुठे त्या दिवशी?"

वेनलॉक मोकळी मनगटं चोळत राहिला. डॅमरिस त्याच्याकडे बघत राहिली. क्राउच मध्ये पडला.

"साहेब, पुरावा खोटा निघाला की प्रश्नही संपतो. त्या दिवशी सगळं लंडन कुठे ना कुठे होतंच."

सर जाइल्सनी क्षणभर विचार केला आणि हात हलवला.

चौघं नदीकाठानं घराकडे निघाले. पुलापाशी वेनलॉक थांबला आणि कठड्याला हात टेकून पाण्याकडे बघत राहिला.

"तुम्हाला कळलंय, नाही?" तो क्राउचला म्हणाला.

"जोनबाईंचा रुमाल परत आला नाही," क्राउच म्हणाला. "त्या दिवशी मंचाखाली लोक रुमाल घेऊन शिरले होते. राजाच्या हाताचा गुण राजाच्या रक्तातही असतो म्हणून. आम्ही पुढे चालतो, तुम्ही दोघं बोला."

"थांबा," डॅमरिस म्हणाली. "सगळ्यांसमोर सांगू दे. बाबा, मला ठाऊक आहे. आईनं जाताना सांगितलं. तुम्ही रुमाल रक्तात भिजवून आणलात आणि मी झोपेत असताना माझ्या मानेला लावलात. म्हणून मी वाचले." तिनं कॉलरला हात लावला. "तुम्ही सहा वर्षं त्या राजाशी लढलात, आणि माझ्यासाठी त्याच्याच रक्तापुढे वाकलात. रोज सकाळी हे बांधताना मला तुम्ही सोसलेली लाज आठवते."

वेनलॉकच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. एवढा मोठा गडी, भर रस्त्यात.

"भिजवला होता," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? गुडघ्यांवर रांगत शिरलो मंचाखाली. हे सांगितलं असतं तर काल सोडलं असतं त्यांनी मला. आणि तुला गावोगाव मिरवलं असतं, राजाच्या रक्तानं बरी झालेली पोर म्हणून. लोकांनी तुझी मान चाचपून बघितली असती, दारात रांगा लावल्या असत्या. ते मला नको होतं." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "पण लावला नाही, डॅमरिस. इथवर आलो, याच पुलावर, आणि पाय उचलेना. म्हटलं, एक माणूस मेला, त्याचं हे रक्त, ते माझ्या पोरीच्या अंगाला कशाला? दिला फेकून. बर्फ वाहत होता, त्यात गेला. तुझ्या आईला सांगितलं, लावला म्हणून. तिची आशा मोडायची छाती नव्हती माझी."

खालून एक होडी गेली.

"मग मी बरी कशानं झाले?" डॅमरिसनं विचारलं.

"कुणास ठाऊक. आई गरम पाण्यानं धुवायची, पेज पाजायची. वसंत आला, फोड सुकले." वेनलॉकनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी तूच बरी झालीस, पोरी. कुठल्या राजाचं काही देणं नाही तुझ्यावर."

डॅमरिसनं मानेमागची गाठ सोडली. कॉलर काढली, घडी केली आणि खिशात ठेवली. मानेवर चार-पाच पांढुरके वण होते, एवढंच. ट्यूकनं गिऱ्हाइकांच्या माना आयुष्यभर पाहिल्या होत्या आणि याहून वाईट त्यानं शेकडो बघितल्या होत्या. तसं तो म्हणालाही. मग पोरगी पहिल्यांदाच हसली.

बापलेक पुढे गेले. क्राउच मागे लंगडत होता.

"चल ट्यूक, उरलेली दाढी कर. आणि ती गोष्टही सांग."

"कुठली?"

"तुझ्याकडे दुसरी आहे का?" क्राउच म्हणाला. "पहिल्यापासून सांग. थंडीपासून."